बाप होण्याआधीचे ताट

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली, पाळणा हलला नाही आणि नवऱ्याच्या तपासणीचा कागद हातात आला, की घरात पहिला प्रश्न येतो: "यांना काय खायला घालू म्हणजे काउंट वाढेल?" हा प्रश्न बहुतेक वेळा बायको विचारते, नाहीतर आई विचारते. स्वतः पुरुष गप्प बसतो किंवा मोबाइलवर शोधत राहतो. तिथे त्याला बदाम, खारीक, कच्ची अंडी, अश्वगंधा, परदेशी भुकट्या आणि महिन्याभरात गुण येण्याची हमी, असे सगळे एकदम सापडते.

या प्रश्नाचे खरे उत्तर देता येते. आहाराचा पुरुषाच्या प्रजननक्षमतेवर परिणाम होतो, याचे चांगले पुरावे आहेत. मात्र तो परिणाम प्रामुख्याने दोन वाटांनी होतो. शरीरात काही कमी पडत असेल तर ते भरून निघते आणि काही अपाय होत असेल तर तो थांबतो. या दोन वाटा समजल्या की कोणता पदार्थ खावा, कोणती गोळी उगाच आहे आणि कुठे आहाराचा काहीच उपयोग नाही, हे वाचकाला स्वतःला ठरवता येईल. म्हणून एकेक पायरी चढत जाऊ.

१. प्रश्न कोणाचा?

वर्षभर नियमित आणि कोणतेही गर्भनिरोधक न वापरता संबंध येऊनही गर्भ राहिला नाही, तर वैद्यकशास्त्र त्याला वंध्यत्व म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जगभरचे अभ्यास एकत्र करून सांगितले, की दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा या अडचणीला तोंड द्यावे लागते. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, कधी एकटे तर कधी स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने.

तरीही आपल्याकडे तपासण्या सुरू होतात त्या सुनेच्या. तिची सोनोग्राफी होते, तिच्या रक्ताच्या चाचण्या होतात, तिच्या नळ्या तपासल्या जातात, तिला उपास आणि नवस सांगितले जातात. वीर्यतपासणी ही या सगळ्यात सर्वांत सोपी आणि स्वस्त चाचणी, पण ती अनेकदा सर्वांत शेवटी होते. स्त्रीला गर्भधारणेआधीच फॉलिक अॅसिड सुरू करायला सांगतात, हे आता बऱ्याच घरांत माहीत आहे. पुरुषालाही तयारी करावी लागते, हे मात्र फार थोड्या घरांत बोलले जाते.

२. तीन महिन्यांचा हिशेब

शुक्राणू वृषणांत तयार होतात. तरुण पुरुषाच्या शरीरात दर सेकंदाला हजाराच्या आसपास शुक्राणू तयार होत असतात. संख्या प्रचंड असली तरी प्रत्येक शुक्राणूला घडायला वेळ लागतो. मूळ पेशीपासून डोके, मधला भाग आणि शेपटी असलेला शुक्राणू होईपर्यंत सुमारे ७४ दिवस जातात. त्यानंतर तो वृषणाला लागून असलेल्या लांब, वेटोळ्या नळीतून पुढे सरकतो आणि तिथे पोहण्याची क्षमता मिळवतो. त्यात आणखी दीड-दोन आठवडे जातात. म्हणजे आज बाहेर पडणाऱ्या शुक्राणूची सुरुवात तीन महिन्यांपूर्वी झालेली असते.

बाजरीच्या पिकालाही साधारण एवढाच काळ लागतो. कापणीच्या आदल्या आठवड्यात खत टाकून कणीस भरत नाही, आणि पेरणीनंतर पडलेल्या ताणाची खूण काढणीला दिसते. शुक्राणूचेही तसेच आहे.

एक उदाहरण घेऊ. एका तरुणाला गणपतीच्या दिवसांत डेंग्यू झाला. चार दिवस १०३ ताप होता. दिवाळीच्या सुमारास त्याने वीर्यतपासणी केली आणि काउंट बराच कमी निघाला. घरचे घाबरले. पण वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तापमान लागते, आणि तापाने ते बिघडले तर तेव्हा घडत असलेल्या शुक्राणूंचे नुकसान होते. त्याचा परिणाम पुढच्या दोन-तीन महिन्यांतल्या तपासणीत दिसतो. हाच तरुण संक्रांतीनंतर पुन्हा तपासणी करील, तेव्हा नवे शुक्राणू आलेले असतील.

यातून दोन गोष्टी निघतात. एका रिपोर्टवरून निदान करू नये. आणि आहारात केलेला बदल तीन महिने टिकवल्याशिवाय त्याचा हिशेब मांडू नये. "पंधरा दिवसांत काउंट दुप्पट" असे म्हणणारी जाहिरात शरीराच्या वेळापत्रकातच बसत नाही.

३. रिपोर्ट कसा वाचावा?

आहाराकडे वळण्याआधी कागदावरचे आकडे समजून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत काही खालच्या मर्यादा दिल्या आहेत. वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख शुक्राणू, त्यांतले ३० टक्के पुढे सरकणारे आणि ४ टक्के नेहमीच्या आकाराचे. हा शेवटचा आकडा पाहून अनेकांना धक्का बसतो. पण मूल झालेल्या पुरुषांतही बहुसंख्य शुक्राणूंचा आकार थोडाफार वेगळाच असतो.

आता दोन रिपोर्ट शेजारी ठेवू. पहिल्या पुरुषाचे वीर्य २ मिलिलिटर, दर मिलिलिटरला २ कोटी शुक्राणू, पुढे सरकणारे ३० टक्के. एकूण झाले ४ कोटी आणि त्यांतले पुढे जाणारे १ कोटी २० लाख. दुसऱ्याचे वीर्य ३ मिलिलिटर, दर मिलिलिटरला दीड कोटी, पुढे सरकणारे ५० टक्के. एकूण साडेचार कोटी आणि पुढे जाणारे सव्वादोन कोटी. दुसऱ्याचा काउंट मर्यादेच्या खाली म्हणून तो घाबरेल, पण पोहत पुढे जाणारे शुक्राणू त्याच्याकडे जवळजवळ दुप्पट आहेत. त्यामुळे एकाच आकड्यामागे धावू नये. आहाराचा परिणामही कधी संख्येवर, कधी हालचालीवर, तर कधी शुक्राणूच्या आतल्या डीएनएवर होतो.

वीर्य घट्ट की पातळ, यावरून मात्र काही ठरत नाही. वीर्यात शुक्राणूंचा भाग अगदी थोडा असतो. बाकीचा द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येतो. वीर्य म्हणजे रक्ताचा अर्क आणि ते गेले की शरीर खंगते, या समजुतीने आपल्याकडचे किती तरुण आजारी पडतात! मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली या त्रासाला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. वीर्य घट्ट करण्याच्या औषधांवर खर्च करणाऱ्याला आधी हे शांतपणे समजावून सांगायला हवे.

४. शिराझचा तरुण

आहार आणि पुरुषत्व यांचा संबंध किती खोल असू शकतो, हे एका बिहारी डॉक्टरच्या कामातून जगाला कळले. बक्सर इथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली इराणमधल्या शिराझ शहरात काम करत होते. त्यांच्यापुढे २१ वर्षांचा एक तरुण आणला गेला. दिसायला तो दहा वर्षांच्या मुलासारखा होता. उंची खुंटलेली, जननेंद्रियांची वाढ झालेली नाही, दाढी-मिशांचा पत्ता नाही आणि रक्तक्षय भरपूर. त्याचे जेवण म्हणजे जवळजवळ नुसती गव्हाची, न आंबवलेली रोटी. शिवाय त्याला माती खाण्याची सवय होती. असे रुग्ण त्या भागात आणखीही होते.

रक्तक्षयाचे कारण लोहाची कमतरता, हे उघड होते. पण लोहाच्या कमतरतेने वयात येणे थांबत नाही. प्रसादांना जस्ताचा, म्हणजे झिंकचा, संशय आला. १९६१ साली त्यांनी या रुग्णांविषयी लिहिले आणि पुढे इजिप्तमधल्या तशाच तरुणांत जस्ताची कमतरता सिद्ध केली. जस्त दिल्यावर त्या तरुणांची उंची वाढली आणि ते वयातही आले. माणसाला जस्त कमी पडू शकते, हे तोवर वैद्यकशास्त्र मानत नव्हते.

पोटभर रोटी खाणाऱ्याला जस्त कमी का पडावे? धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचे द्रव्य असते. ते जस्ताला धरून ठेवते आणि आतड्यातून शोषू देत नाही. पीठ आंबवले किंवा कडधान्याला मोड आणले, की फायटेट कमी होते आणि जस्त मोकळे होते. आपली मोड आलेली मटकी, ज्वारीची आंबील, इडली आणि आंबोळी या दृष्टीने फार शहाणे पदार्थ आहेत.

प्रौढ पुरुषाचे काय? प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली पाच स्वयंसेवकांना अनेक महिने जस्त कमी असलेला आहार दिला. त्यांची शुक्राणुसंख्या घसरली. पुन्हा जस्त दिल्यावर ती हळूहळू सावरली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार भारतीय पुरुषाला दिवसाला १७ मिलिग्रॅम जस्त हवे. तीळ, भोपळ्याच्या बिया, काजू, हरभरा, बाजरी, अंडी, मटण, खेकडे आणि कालवे यांतून ते मिळते. भात, पातळ आमटी आणि बटाट्याची भाजी यांवरच दिवस काढणाऱ्याला ते कमी पडण्याची शक्यता मोठी.

५. मग झिंकची गोळी घ्यावी का?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. कमतरतेने काउंट घसरतो, हे खरे. त्यावरून जास्त घेतले तर काउंट वाढेल, असा अर्थ लोक काढतात. अमेरिकेत हे नीट तपासले गेले. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या २,३७० जोडप्यांतल्या पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम झिंक आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड दिले, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. कोण काय घेतो, हे पुरुषांनाही माहीत नव्हते. २०२० साली निकाल आला. औषध घेणाऱ्या गटात ३४ टक्के जोडप्यांना मूल झाले, दुसऱ्या गटात ३५ टक्के. शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार यांत फरक पडला नाही. उलट औषधाच्या गटात शुक्राणूंच्या डीएनएची मोडतोड किंचित जास्त दिसली आणि पोटाच्या तक्रारीही वाढल्या.

त्याच वर्षी अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका चाचणीत वंध्यत्व असलेल्या पुरुषांना जीवनसत्त्व क, ई, ड, सेलेनियम, कार्निटिन, लायकोपिन, झिंक आणि फॉलिक अॅसिड असे सगळे मिळून दिले. तिथेही लाभ दिसला नाही.

इजिप्त आणि अमेरिका यांतला फरक वाचकाने मनात पक्का करावा. इजिप्तमधल्या तरुणांत जस्त कमी होते, म्हणून ते मिळाल्यावर चमत्कार वाटावा असा बदल झाला. अमेरिकेतल्या बहुतेक पुरुषांच्या जेवणात ते पुरेसे होते, म्हणून वरून दिलेल्या गोळीला करण्यासारखे काही उरलेच नव्हते. तपासणीत कमतरता दिसली आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर जरूर घ्यावी. पण केवळ पाकिटावर 'फर्टिलिटी' लिहिले आहे म्हणून महिन्याला हजारो रुपये घालवू नयेत.

६. शुक्राणूची नाजूक कड

आता दुसरी संकल्पना. आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनपासून पेशींत काही तिखट, अस्थिर रेणू तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. ते जवळच्या चरबीवर, प्रथिनांवर आणि डीएनएवर हल्ला करतात. त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. साध्या पेशीकडे स्वतःचा बराच बचाव असतो. शुक्राणू मात्र हलका व्हावा म्हणून घडताना आपला बहुतेक पेशीद्रव टाकून देतो आणि त्याबरोबर हा बचावही जातो. शिवाय त्याचे आवरण लवचीक राहावे म्हणून त्यात ओमेगा-३ सारखी चरबी भरपूर असते, आणि हीच चरबी फ्री रॅडिकलच्या हल्ल्याला लवकर बळी पडते. म्हणून शुक्राणूला बाहेरच्या द्रवातून संरक्षण मिळावे लागते आणि ते बऱ्याच अंशी आहारातून येते.

बर्कली विद्यापीठातल्या ब्रूस एम्स यांच्या गटाने १९९१ साली दहा पुरुषांवर केलेला प्रयोग याबाबत बोलका आहे. त्यांच्या आहारातले जीवनसत्त्व क दिवसाला २५० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणले. वीर्यातले क जीवनसत्त्व निम्म्यावर आले आणि शुक्राणूंच्या डीएनएवरच्या इजेच्या खुणा जवळजवळ दुप्पट झाल्या. पुन्हा जीवनसत्त्व दिल्यावर त्या कमी होऊ लागल्या. भारतीय पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. मध्यम आकाराचा एक पेरू ही गरज सहज भागवतो. आवळा, लिंबू, संत्रे, मोसंबी, कोथिंबीर हीसुद्धा आपल्या बाजारातली स्वस्त साधने आहेत. शिजवल्याने हे जीवनसत्त्व बरेच नष्ट होते, म्हणून रोज एक फळ आणि एक कोशिंबीर कच्ची खावी. लिंबू आमटी उतरवल्यावर पिळावे.

सुक्यामेव्याचा प्रश्न सगळेच विचारतात. लॉस एंजेलिस इथे २०१२ साली ११७ निरोगी तरुणांवर प्रयोग झाला. ज्यांनी बारा आठवडे रोज ७५ ग्रॅम अक्रोड खाल्ले, त्यांच्या शुक्राणूंची हालचाल, आकार आणि जिवंतपणा सुधारला. २०१८ साली स्पेनमध्ये ११९ तरुणांना चौदा आठवडे रोज ६० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट दिले. त्यांची शुक्राणुसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी आणि हालचाल सुमारे ६ टक्क्यांनी सुधारली. दोन्ही प्रयोगांत बारा-चौदा आठवडे का निवडले, हे आता वाचकाच्या लक्षात येईल. मात्र हे सगळे निरोगी तरुण होते, पाश्चात्त्य पद्धतीचे खाणारे होते, आणि त्यांना मुले जास्त झाली का हे मोजलेले नव्हते. त्यामुळे मूठभर अक्रोड-बदाम जरूर खावेत, पण ते औषध म्हणून नव्हे तर वेफर्स आणि फरसाणाच्या जागी.

रोज अक्रोड परवडत नसतील तर वाईट वाटून घेऊ नये. अक्रोडातले वनस्पतिजन्य ओमेगा-३ जवसात भरपूर असते आणि जवसाची चटणी विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी होते. शुक्राणूच्या आवरणात असते ते ओमेगा-३ शरीर जवसापासून थोडेच बनवू शकते. ते थेट मिळते माशांतून. बांगडा आणि तारली हे आपल्या किनाऱ्यावरचे स्वस्त मासे त्यात महागड्या परदेशी माशांच्या तोडीचे आहेत. त्यांचे कालवण करावे. तळून खाणे रोजचे नको.

७. शाकाहारी पुरुषाने पाहायची एक तपासणी

नवी पेशी घडवायची तर डीएनएची नक्कल करावी लागते. त्या कामात फोलेट आणि बी-१२ ही दोन जीवनसत्त्वे लागतात. शुक्राणू घडताना हे काम अखंड चालते. फोलेट पालेभाज्या, मूग, हरभरा, शेंगदाणे यांतून मिळते. बी-१२ मात्र जवळजवळ फक्त प्राणिज पदार्थांत असते, म्हणजे दूध, दही, अंडी, मासे आणि मटणात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. त्यांतल्या ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघाले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. शिकल्या-सवरलेल्या, दोन वेळा व्यवस्थित जेवणाऱ्या घरांतली ही स्थिती. म्हणून मूल हवे असलेल्या शाकाहारी पुरुषाने रक्तातले बी-१२ एकदा तपासून घ्यावे. कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे. रोज दोन वाट्या दूध-दही ठेवावे आणि चालत असेल तर अंडे खावे. अंडे उकडूनच खावे. कच्च्याने जोर येत नाही, पोटाचे आजार मात्र होऊ शकतात.

८. पोटाचा घेर

आतापर्यंत कमतरतेचे पाहिले. आता अतिरेकाचे पाहू. पोटावरची चरबी नुसती साठून राहत नाही, ती हार्मोनशी खेळते. चरबीच्या पेशींत अॅरोमाटेज नावाचे विकर असते. ते पुरुषाच्या टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमध्ये करते. इस्ट्रोजेन वाढले की मेंदू वृषणांना पाठवायचा संदेश कमी करतो आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते. शिवाय मांड्यांमधली चरबी वृषणांचे तापमान वाढवते. लठ्ठपणाच्या मागून येणारा मधुमेह तर नसा, रक्तवाहिन्या आणि शुक्राणूंचा डीएनए या तिन्हींना इजा करतो.

हे चक्र उलटे फिरवता येते, ही चांगली बातमी. डेन्मार्कमध्ये ५६ लठ्ठ पुरुषांना आठ आठवडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिवसाला ८०० कॅलरींचा आहार दिला. त्यांचे वजन सरासरी साडेसोळा किलो उतरले आणि एकूण शुक्राणुसंख्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. ज्यांनी वर्षभर वजन उतरलेलेच ठेवले, त्यांचा लाभ टिकला. ज्यांचे वजन पुन्हा वाढले, त्यांचा टिकला नाही. एवढा कडक आहार घरी स्वतःच्या मनाने करू नये. पण महिन्याला दोन किलो उतरवणे बहुतेकांना जमते. त्यासाठी चहातली साखर, थंड पेये, बेकरीचे पदार्थ आणि रात्री उशिराचे जेवण एवढ्यांवर आधी हात ठेवावा.

एकूण आहाराचे चित्र डेन्मार्कच्याच आणखी एका मोठ्या अभ्यासात दिसते. लष्करी तपासणीला आलेल्या २,९३५ तरुणांचे खाणे आणि वीर्य २०२० साली ताडून पाहिले. मासे, कोंबडी, भाज्या आणि फळे जास्त खाणाऱ्यांची शुक्राणुसंख्या सर्वांत चांगली निघाली. पिझ्झा, चिप्स, प्रक्रिया केलेले मांस आणि गोड पेये यांवर राहणाऱ्यांची सर्वांत कमी. तिथेही कोणता एक पदार्थ जिंकला नाही. रोजची सवय जिंकली.

९. खाण्यातून होणारा थेट अपाय

काही गोष्टी शुक्राणूंना थेट मारक असतात. याचे सर्वांत ठळक उदाहरण चीनमधले. गेल्या शतकात तिथल्या काही कापूस पिकवणाऱ्या गावांत मुलेच होईनात. शोध घेतला तेव्हा कारण निघाले सरकीचे कच्चे तेल. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते आणि ते शुक्राणूंची निर्मिती थांबवते. त्याचा परिणाम इतका पक्का, की १९७०च्या दशकात चीनने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून ते आठ हजारांहून अधिक पुरुषांवर वापरून पाहिले. रक्तातले पोटॅशियम घसरणे आणि काहींची प्रजननक्षमता परत न येणे, या कारणांनी तो प्रयत्न सोडावा लागला. विदर्भ-खानदेशातल्या वाचकांनी घाबरू नये. कारखान्यात शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलातून गॉसिपॉल निघून जाते. कच्चे, शुद्ध न केलेले सरकीचे तेल मात्र जेवणात वापरू नये.

आपल्याकडचा खरा शत्रू तंबाखू. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो आणि मावा गल्लोगल्ली खाल्ला जातो. भारतातल्या ६३८ तंबाखू चघळणाऱ्या पुरुषांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. जितके जास्त चघळणे, तितकी शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार यांची घसरण, असे त्यात दिसले. आहार सुधारायचा आणि खिशात पुडी ठेवायची, याला अर्थ नाही. रोजची दारूही हार्मोन बिघडवते.

तिसरा धोका जिममध्ये वाढतो आहे. शरीर लवकर भरावे म्हणून तरुण टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात. पुरुष-हार्मोन वाढले की बीजही वाढेल, असे त्यांना वाटते. घडते उलटे. बाहेरून हार्मोन आले की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली हीच इंजेक्शने गर्भनिरोधक म्हणून तपासली होती. २७१ पुरुषांपैकी १५७ जणांच्या वीर्यातून सहा महिन्यांच्या आत शुक्राणू पूर्ण नाहीसे झाले. म्हणून जिममधल्या ओळखीच्याने दिलेले इंजेक्शन किंवा लेबल नसलेली भुकटी घेऊ नये. आधी घेतली असेल तर डॉक्टरांना ते न लाजता सांगावे. इंजेक्शने बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू काही महिन्यांत परत येतात.

सोयाबीनची भीती मात्र अनाठायी आहे. २००८ साली ९९ पुरुषांच्या एका अभ्यासात जास्त सोया खाणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंचे दर मिलिलिटरमधले प्रमाण कमी दिसले होते, पण हालचाल आणि आकार यांत फरक नव्हता. टेस्टोस्टेरॉनवरचे अनेक अभ्यास एकत्र केल्यावर सोयाने ते घटत नाही, असेच निघाले. आठवड्यातून दोन-तीनदा सोयाबीनची भाजी खाणाऱ्याने निश्चिंत असावे.

१०. एका दिवसाचे ताट

आता हे सगळे स्वयंपाकघरात आणू. सकाळी मोड आलेल्या मुगाची उसळ किंवा अंड्याबरोबर भाकरी, आणि एक पेरू किंवा संत्रे. दुपारी बाजरी किंवा ज्वारीची भाकरी, डाळ, एक पालेभाजी, लिंबू पिळलेली कोशिंबीर, तिळाची किंवा जवसाची चटणी, वाटीभर दही. चारच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी मूठभर शेंगदाणे, फुटाणे किंवा परवडत असतील तर अक्रोड-बदाम. रात्री थोडा भात किंवा पोळी, मटकीची आमटी, चालत असेल तर माशाचे कालवण किंवा कोंबडी. तेल बेताचे, वनस्पती तूप नको. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातले वडे-भजी महिन्यातून कधीतरी.

यात परदेशातून मागवावे असे काहीच नाही. हे जेवण नवऱ्यासाठी वेगळे करायचेही नाही. बायकोच्या गर्भारपणाच्या तयारीलाही हेच ताट उपयोगी आहे. दोघांनी एकत्र बसून खाल्ले तर ते टिकण्याची शक्यता जास्त.

११. आहार कुठे थांबतो?

सुमारे शंभरातल्या एका पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू मुळीच नसतात. कारण नळी बंद असणे, जन्मजात दोष, वयात आल्यावर झालेल्या गालगुंडांनी वृषणांना झालेली इजा, हार्मोनचा आजार, असे काहीही असू शकते. वृषणकोशातल्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील, हे कारण तर वंध्यत्व असलेल्या पुरुषांत वारंवार आढळते. यांतले काहीही बदामाने किंवा आवळ्याने बरे होत नाही. काहींवर शस्त्रक्रिया आहे, काहींवर औषध आहे, आणि अगदी थोडे शुक्राणू असले तरी टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रगत तंत्राने मूल होऊ शकते. त्यासाठी मूत्ररोगतज्ज्ञाकडे किंवा प्रजननतज्ज्ञाकडे जावे लागते.

म्हणून आहाराचा बदल आणि तपासणी दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करा. काउंट थोडा कमी असेल तर तीन महिने नीट खा, तंबाखू सोडा, वजन उतरवा आणि पुन्हा तपासा. शुक्राणू शून्य किंवा फारच कमी असतील तर तीन महिने थांबू नका. वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नसेल, किंवा पत्नी पस्तिशीच्या पुढची असेल आणि सहा महिने गेले असतील, तर दोघे मिळून डॉक्टरांकडे जा. पुरुषाला नवे शुक्राणू तीन महिन्यांत मिळतात, पण स्त्रीची बीजे जन्मतःच ठरलेली असतात आणि वयाबरोबर घटत जातात. नवऱ्याने तपासणीची लाज बाळगत भुकट्यांवर घालवलेले प्रत्येक वर्ष तिच्या वयातून वजा होते. चांगले खाणाऱ्या पुरुषाने हा हिशेब आधी करावा आणि पहिली वीर्यतपासणी स्वतःहून करून घ्यावी.